चाकांच्या घराला जोतं

खाली जायचं दार सापडत नव्हतं. घराभोवती एक फेरी मारून झाली होती, दुसरी चालू होती आणि ओव्हरऑल घामानं पाठीला चिकटला होता. ह्यूस्टनकडचा जून महिना. तिथलं सकाळचं ऊनसुद्धा ओलं असतं. माझ्यामागून मनोहरकाका येत होते आणि विटांच्या भिंतीवर अधूनमधून कौतुकानं थाप मारत होते.

"काका, खाली जायचं दार कुठंय?"

"दार कशाला? साप यायला?"

"मला जायचंय खाली."

"खाली काय आहे? माती. बघण्यासारखं सगळं वर आहे. चल आत, काकूनं धिरडी टाकलीत."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट, तेलाचे भाव कोसळले तेव्हाची. मी मूळची नागपूरची, सिव्हिल इंजिनिअर. ह्यूस्टनमधल्या एका छोट्या इन्स्पेक्शन फर्ममध्ये नोकरी करत होते. घर विकत घेण्याआधी गिऱ्हाईक आम्हाला बोलावतं. आम्ही छपरापासून पायापर्यंत घर तपासतो आणि काय धड आहे, काय नाही ते लिहून देतो. माझ्या बॉसचं, रॉयचं, पोट चांगलंच सुटलेलं होतं, त्यामुळे घराखाली सरपटत जायची कामं माझ्या वाट्याला आली. त्याला आम्ही 'क्रॉल' म्हणतो. मराठी मंडळात बायका माझी ओळख करून द्यायच्या, "ही वंदना, लोकांच्या घराखाली रांगते." सुरुवातीला राग यायचा. पुढे मीच तशी ओळख करून द्यायला लागले.

हे घर नेहमीसारखं नव्हतं. लोक त्याला मोबाइल होम म्हणत, कागदोपत्री मॅन्युफॅक्चर्ड होम. असं घर कारखान्यात तयार होतं. खाली लांब लोखंडी तुळया, त्यांवर लाकडी जमीन, भिंती, छप्पर, अगदी नळ आणि कपाटांसकट. मग चाकं लावून ट्रकनं ओढत आणायचं. मोठं असेल तर दोन अर्धी आणून जागेवर जोडायची. काँक्रीटच्या ठोकळ्यांचे खांब रचून तुळया त्यांवर टेकवायच्या आणि वादळात उडू नये म्हणून पोलादी पट्ट्यांनी जमिनीशी बांधायचं. सगळं वजन त्या तुळयांवर, कडा अधांतरी. खालची मोकळी जागा झाकायला भोवती पातळ पत्र्याचा घागरा लावतात, त्याला स्कर्टिंग म्हणतात. त्यात वारा खेळायला जाळ्या असतात आणि माझ्यासारखीला आत शिरायला एक दार असतं.

मनोहरकाकांच्या घराला घागरा नव्हता. जमिनीपासून घराच्या कडेपर्यंत चारी बाजूंनी सलग, पक्क्या विटांची भिंत होती. सुट्टीच्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेली, ओळंबा लावून, सांधे भरून. काम इतकं सुबक होतं, की मला वाईट वाटायला तिथूनच सुरुवात झाली.

काका परभणीचे. इथे एका केमिकल प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंट्सचं काम करून निवृत्त झाले होते. "आलं तेव्हा ठोकळ्यांवर उभं होतं गं," ते म्हणाले. "कुत्री या बाजूनं शिरून त्या बाजूनं निघायची. घराला जोतं नसेल तर ते घर कसलं? ती एसटी झाली."

आता काका आणि कुसुमकाकू हे घर विकून न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला मुलाकडे जाणार होते. घर विकत घेणार होते मिलिंद आणि शैला. मिलिंद एका तेल कंपनीत अकाउंट्सला होता. नोकरी गेली, कर्जाचे हप्ते थकले आणि ह्यूस्टनजवळ शुगर लँडमधलं घर बँकेनं नेलं. आता तो एका शाळेच्या ऑफिसात कमी पगारावर लागला होता, शैला डे-केअरमध्ये काम करत होती, आणि लहान मुलीसह तिघं एका अपार्टमेंटमध्ये राहत होते. जी काही पुंजी उरली होती ती सगळी या घरात जाणार होती. इथे चूक झाली असती तर दुसरं घर घ्यायला हातात काही राहणार नव्हतं.

घर मंडळातल्या काकांचं, शुगर लँडच्या पलीकडे कापसाच्या जुन्या शेतांना लागून, आणि जमीनही काकांच्या मालकीची. मिलिंदनं डोळे मिटून हो म्हटलं होतं. ओळखीतलं घर तपासायचं म्हणजे माणसाला खोटं पाडल्यासारखं, अशी आपल्याकडची रीत. मला बोलावलं ते शैलानं, आणि त्याबद्दल मिलिंद सकाळपासून सगळ्यांची माफी मागितल्यासारखा हसत होता.

मी आत गेले. घरात शिरल्यावर मी आधी सगळी दारं उघडून मिटून बघते. दार अडलं म्हणजे चौकट वाकडी, आणि चौकट वाकडी म्हणजे खाली काहीतरी हललंय. मागच्या बेडरूमचं दार वर तिरकं तासलेलं होतं.

"दमट हवेनं लाकूड फुगतं," काका म्हणाले. "दरवर्षी थोडा रंधा मारतो."

"दरवर्षी?"

"मारावा लागतो. त्यात काय."

स्वयंपाकघरात सिंकपासून मागच्या दारापर्यंत जमीन टाचेखाली दबत होती. वरचं लिनोलियम लख्ख. मी काकूंना विचारलं, फरशी पुसता कशानं?

"पुसते कशाला? धुते," काकू म्हणाल्या. "बादलीभर पाणी ओतायचं आणि झाडूनं मागच्या दारानं बाहेर काढायचं. ते मॉपचं नुसतं ओलं फिरवायचं, त्याला का स्वच्छता म्हणायची?"

लिनोलियमखाली काय असतं ते मी त्यांना सांगितलं. लाकडाचा भुसा डिंकात कालवून दाबलेला बोर्ड. कोरडा असेल तोवर भक्कम. सांध्यातून पाणी आत गेलं, की चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा फुगतो आणि मग तुटतो.

"म्हणजे आपलीच मोरी आणि अंघोळीची चोरी," काकू म्हणाल्या. मला हसू आलं. शैलाला आलं नाही. ती टाचेनं जमीन दाबून बघत होती.

मागच्या दाराबाहेर, बरोबर भिंतीला लागून, अळूचा वाफा होता. हिरवागार, गुडघाभर. त्याशेजारी कढीपत्ता. फरशीचं पाणी तिकडेच जायचं आणि वर होजचं पाणी रोज. अळू पाहून मन प्रसन्न झालं आणि खाली काय असेल याची धास्तीही वाटली.

"काका, भिंतीला एक भोक पाडावं लागेल," मी म्हटलं. "मी आत जाऊ शकेन एवढं."

काकांचा चेहरा उतरला. "विकत घ्यायच्या आधी दुसऱ्याचं घर फोडायचं, ही कुठली पद्धत?"

"राहू दे ना वंदनाताई," मिलिंद घाईनं म्हणाला. "आमचा काकांवर विश्वास आहे."

मी तिथूनच ऑफिसला फोन लावला. "रॉय, क्रॉल होत नाहीये. मालक भिंत उघडू देत नाहीत."

"मग रिपोर्ट नाही," रॉय म्हणाला.

"आमच्या ओळखीचे आहेत."

"वॅन्डा, ओळखीच्या लोकांची घरंसुद्धा खालूनच कुजतात." आणि त्यानं फोन ठेवला. माझं नाव त्याला शेवटपर्यंत आलं नाही, पण हे त्याचं खरं होतं.

मी स्पष्ट सांगितलं. खालचं बघितल्याशिवाय मी सही करणार नाही. तुम्हाला तसंच घ्यायचं असेल तर घ्या, मी धिरडी खाऊन जाते.

"विश्वास काकांवर आहेच," शैला मिलिंदला म्हणाली. "पण घराखाली काका नाहीत. आणि भीड भिकेची बहीण असते. आपल्याला ती आता परवडणार नाही, यार."

तेव्हा काकू म्हणाल्या, "मला वास येतो खालून. पाऊस झाला की जास्त. यांना सांगितलं तर म्हणतात, तुझं नाक म्हातारं झालं."

काका उठले. गॅरेजमधून छिन्नी-हातोडी घेऊन आले. मी हात पुढे केला तर म्हणाले, "फोडायचीच तर मी फोडीन. दुसऱ्याचा हात नको." त्यांनी सांध्यातलं सिमेंट कोरून एकेक वीट अख्खी बाहेर काढली आणि बाजूला ओळीनं रचली. मला फार अवघडल्यासारखं झालं. मिलिंद तर रस्त्याकडेच बघत उभा राहिला.

भोक पडलं तसा वास बाहेर आला. बंद हौदाचा असतो तसा. मी टॉर्च घेऊन पोटावर आत गेले.

खालची माती काळी होती, कोपर रुतत होतं. घराच्या पोटाला खालून एक काळं जाड कापड ताणून लावलेलं असतं, आतलं इन्सुलेशन सांभाळायला. स्वयंपाकघराच्या खाली ते पाण्यानं भरून लोंबत होतं. मी पेनानं टोचलं आणि माझी बाही भिजली. कडेची लाकडं बोटानं दाबली तर बोट आत जात होतं. मग मधले खांब बघितले. सगळं वजन ज्यांच्यावर असायला हवं त्यातल्या काहींच्या आणि तुळईच्या मध्ये माझा तळहात सहज सरकला. ते खांब रिकामे उभे होते, आणि घर कडेनं काकांच्या भिंतीवर टेकलं होतं.

पण मी आणखी आत गेले, तिथे वेगळं दिसलं. तुळयांना वरवरचा गंज होता, खरवडला की खाली पोलाद चकचकीत. पुढच्या अर्ध्याचं लाकूड कोरडं, टणक. छप्पर मी आधीच बघितलं होतं, ते ठीक होतं. घर आजारी होतं, मेलेलं नव्हतं. खरं सांगते, तिथे चिखलात पडून मला हायसं वाटलं.

बाहेर आले तेव्हा सगळे माझ्या कपड्यांकडे बघत होते.

"काका," मी म्हटलं, "तुमच्या गावची जमीन कसली?"

"काळी. कापसाची."

"घर बांधताना पाया कुठवर खणतात?"

"मुरूम लागेपर्यंत. काळ्या मातीवर कोण घर बांधतं? पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते." एवढं बोलून ते थांबले. माझ्याबरोबर भोकातून बाहेर आलेल्या मातीकडे त्यांनी पाहिलं. वाकून चिमूटभर घेतली, बोटांवर चोळली. समोर कापसाची शेतं पसरलेली होती, ती ते इतकी वर्षं रोज बघत होते.

"अमेरिकेतली माती कसली असेल, असा प्रश्नच मला कधी पडला नाही," ते म्हणाले.

मी समजावून सांगितलं. अळूच्या पाण्यानं कडेची माती फुगते, भिंत वर येते आणि घराची कड उचलते. मधले खांब तिथेच राहतात, म्हणून दारं अडतात. वारा बंद असल्यानं खालची ओल कुठेच जात नाही, लाकडात चढते. पत्र्याचा हलका घागरा असता तर यातलं निम्मं झालंच नसतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, हे मात्र मी मनातच ठेवलं.

मिलिंदनं तो प्रश्न विचारला, जो प्रत्येक जण विचारतो. "म्हणजे हे घर किती वर्षं टिकेल?"

"असंच ठेवलं तर फार नाही. भिंत मोकळी केली, खाली कोरडं ठेवलं, मधले खांब परत नीट टेकवले आणि कुजलेलं बदललं, तर तुमची मुलगी कॉलेजला जाईल इथून. ही घरं वयानं मरत नाहीत. ओलीनं आणि कलल्यानं मरतात."

"मग घ्यायचं की नाही?"

"ते आम्ही सांगत नाही. ऑफिसचा नियम आहे."

"मी तुमची बहीण असते तर?" शैला म्हणाली.

नियम करणारा रॉय तिथे नव्हता. मी म्हटलं, "भाड्याच्या जागेवर असतं तर नको म्हणाले असते. अशी घरं भाड्याच्या जागेवर ओळीनं लावतात, त्या पार्कमध्ये घर आपलं आणि जमीन दुसऱ्याची. तो भाडं वाढवतो आणि आपण घर उचलून नेऊ शकत नाही, चाकं असली तरी. इथे जमीन मिळतेय, म्हणून घ्यावं. पण अशा घराची किंमत गाडीसारखी उतरत जाते. तेव्हा जमिनीची किंमत द्या. घर त्यावर ठेवलेलं मिळतंय असं समजा."

हे काकांसमोर बोलले. बोलायलाच हवं होतं, पण ऐकणाऱ्याला ते कसं लागेल हे मला दिसत होतं.

"म्हणजे घर फुकट," काका म्हणाले. "माझी भिंतही फुकट." त्यांनी हातोडी उचलली. "मला विकायचं नाही. सांगा मंडळात, काकांनी घर विकायचं कॅन्सल केलं."

काकूंनी सगळ्यांना जेवायला थांबवलं. धिरडी निम्मी तशीच उरली.

परतताना मी माझ्या गाडीशी पोचते तोच मिलिंद मागून आला. "तोंडावर कशाला सांगितलंत? रिपोर्टमध्ये लिहायचं होतं. आता हे पण गेलं." शैला मुलीला गाडीत बसवत होती. अपार्टमेंटचं लीज संपत आलंय, एवढंच ती म्हणाली. मला तिचं वाईट वाटलं आणि मिलिंदचा राग आला. दोन्ही घेऊन मी ऑफिसला गेले. रॉयला सांगितलं तर त्यानं डोनटचा डबा पुढे सरकवला. मालक चिडला म्हणजे तू नक्की खाली गेली होतीस, असं म्हणून तो पुढच्या फाइलकडे वळला.

काही दिवसांनी ऑफिसात फोन आला.

"वंदना, भिंतीचा वरचा थर काढायचा तर घराखाली फट किती सोडायची?"

मी खुर्चीत सरळ बसले. "काका, जॅक लावल्याशिवाय वरच्या थराला हात लावू नका. कड खाली बसेल."

"म्हणूनच विचारतोय. खालचं काम झालंय. तू कधी येतेस?"

शनिवारी मी रॉयच्या ओळखीचे लेव्हलिंगवाले घेऊन गेले. हे लोक घराखाली जॅक लावतात आणि पाण्याच्या लेव्हलनं घर सरळ करतात. गाडीतून उतरले आणि बघतच राहिले. काकांनी भिंत पाडली नव्हती. चारी बाजूंनी एकाआड एक वीट काढून तिची जाळी केली होती, गावाकडे गोठ्याच्या भिंतीला असते तशी. वारा या बाजूनं शिरून त्या बाजूनं निघत होता. अळू मुळासकट उपटून अंगणाच्या पार टोकाला गेला होता आणि तिथे जरा रुसल्यासारखा दिसत होता.

मधल्या खांबांवर जॅक चढले. काकांनी वरचा थर काढला. घर एकदा मोठ्यानं करकरलं. काकू बाहेर धावत आल्या, आणि मग सगळं शांत झालं. आत जाऊन बघितलं तर मागच्या बेडरूमचं दार एका बोटानं मिटलं. फक्त इतक्या वर्षांच्या रंध्यामुळे वर चांगली दोन बोटं तिरकी फट राहिली होती. काका तिच्याकडे बघत म्हणाले, "हेही आता मलाच भरावं लागणार." त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले.

दुपारी कामगार जेवायला बसले तेव्हा काका आणि मी काढलेल्या विटांवर बसलो होतो. मी म्हटलं, "भिंत फार सुंदर बांधली होती काका. मला फोडायला लावताना बरं वाटलं नाही."

ते म्हणाले, "हे घर आणलं तेव्हा काकूनं सामान सोडलंच नाही कित्येक दिवस. म्हणायची, चाकावर आलंय, चाकावर जाईल, आपणही जाऊ. मलाही तसंच वाटायचं. नोकरीचं काही खरं नव्हतं, परत जायचं का राहायचं ते ठरत नव्हतं. भिंत पुरी झाली त्या दिवशी तिनं बॅगा रिकाम्या करून वर टाकल्या. साप-बिप सगळं सांगायला. मी ती त्यासाठी बांधली होती."

मला रडू आलं, ते मी घाम पुसल्यासारखं पुसलं.

"जमिनीचेच पैसे घेतो पोरांकडून," काका म्हणाले. "पण कुजलेलं लाकूड आणि फरशी मी बदलून देणार. तोवर जात नाही. तसं ठेवून गेलो तर तिकडे झोप लागायची नाही."

त्यांनी पिस्कॅटवेचं जाणं पुढे ढकललं. कडेची लाकडं बदलली, स्वयंपाकघरात भुशाच्या बोर्डाऐवजी जाड प्लायवूड टाकलं, मिलिंद सुट्टीच्या दिवशी हाताखाली राबला. खाली मातीवर प्लास्टिक अंथरलं. मी परत पोटावर जाऊन सगळं बघितलं आणि मगच सही केली. लीज संपायच्या आत शैलाचा संसार तिथे आला. काकूंनी तिला पहिली सूचना दिली ती अशी, की बाई गं, पाणी ओतू नकोस, मी ओतलं ते पुरे झालं.

मिलिंदला पुढे चांगली नोकरी मिळाली. शुगर लँडमध्ये विटांचं दुमजली घर घेणं त्यांना परवडलं असतं. मंडळातल्या लोकांनी सुचवलंही, कारण मोबाइल होममध्ये राहणं आपल्या लोकांत कमीपणाचं धरतात. ते तिथेच राहिले. मुलगी त्याच घरातून कॉलेजला गेली.

लोक मला अजून विचारतात, असलं घर किती टिकतं, घ्यावं का. माझ्याकडे आकडा नाही. जमीन आपली असेल आणि खाली जाऊन बघायची लाज वाटत नसेल तर घ्यावं, नाहीतर भाड्यानं राहावं, एवढंच मी सांगते.

काका वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मागे शैलाकडे गेले होते तेव्हा ती बोलता बोलता भिंतीपाशी वाकली, जाळीतून हात आत घातला, चिमूटभर माती काढून बोटांवर चोळली आणि कोरडी आहे म्हणाली. हे तुला कुणी शिकवलं, असं मी विचारलं नाही. घर सरळ उभं होतं.